न बोलता आणायचे पाणी

वोल्शिना, १२ एप्रिल १९८३

प्रिय वोरशा,

घराचा जेवढा भाग अजून घर म्हणण्याजोगा उरला आहे, तिथून तुला, तुझ्या लोव्रोला आणि छोट्या नेझाला माझे आशीर्वाद. नेझाने ईस्टरसाठी पाठवलेले कार्ड पोचले. त्यावरचा कोंबडा तिने स्वतः काढला असावा, कारण त्याला तीन पाय आहेत. आईने कार्ड बराच वेळ हातात धरले आणि मग खिडकीत उभे करून ठेवले. तिची प्रकृती ठीक आहे. जेवण थोडे उतरले आहे. बोलणेही कमी झाले आहे, पण वयाच्या मानाने ते स्वाभाविकच म्हणायला हवे.

त्या कोंबड्यावरून एक गंमत सुचली. इतकी वर्षे सासरी मारिबोरमध्ये, स्लोव्हेन लोकांत काढल्यावर तुझ्याही ती ध्यानात आली असेल. कोंबड्याच्या चोचीतून नेझाने लिहिले आहे, ‘दोब्रो युत्रो’, म्हणजे शुभ सकाळ. आता इकडचे ऐक. खाणीच्या पंपांवर झेनोन नावाचा एक पोलिश मिस्त्री आहे. तो रोज संध्याकाळी आपल्या कुंपणाजवळून जाताना टोपी उंचावून म्हणतो, ‘दो युत्रा.’ त्याचा अर्थ ‘उद्या भेटू’. शब्द तोच, ‘युत्रो’; आधी ‘दो’ आले म्हणून शेवटचा स्वर तेवढा बदलला. तुझ्या सासरी त्याचा अर्थ सकाळ, आणि झेनोनच्या माहेरी उद्याचा सबंध दिवस. या दोन भाषा एकमेकींच्या सख्ख्या चुलत बहिणी असताना असे का व्हावे?

क्रमाने सांगतो. तू कंटाळशील हे ठाऊक आहे, तरी सांगतो.

आपल्या सगळ्या स्लाव लोकांचे पूर्वज जेव्हा एकाच भाषेत बोलत होते, तेव्हा या शब्दाचा अर्थ एकच होता : सकाळ. पुढे माणसे पांगली आणि प्रत्येकाने हा वारसा आपापल्या पद्धतीने वापरला. रशियनांनी सकाळला ‘उत्रो’ म्हणणे चालू ठेवले, आणि उद्यासाठी त्याच शब्दाच्या आधी एक छोटासा शब्द जोडून ‘झाव्त्रा’ केले. सर्बांनीही तसेच करून ‘सुत्रा’ केले, चेकांनी ‘झीत्रा’. तुझ्या स्लोव्हेनांनी जोडाजोडही केली नाही. त्यांनी शेवटचा स्वर तेवढा बदलला. युत्रो म्हणजे सकाळ, युत्री म्हणजे उद्या. इतकी काटकसर दुसऱ्या कुणाला जमलेली नाही. पोलिश लोकांनी मात्र सगळा शब्दच उद्याला देऊन टाकला, आणि सकाळ रिकामी पडली तेव्हा ‘लवकर’ या अर्थाचा वेगळा शब्द आणून तिथे बसवला. पण आजोबा घर सोडून गेले तरी खुंटीवर त्यांची टोपी राहून जाते. पोलिश भाषेत शुक्राच्या चांदणीला ‘युत्शेन्का’ म्हणतात. ती चांदणी उद्याची नाही, पहाटेची आहे. टोपी तिथे सापडते.

आणि आपण, जर्मनांच्या देशात राहिलेले सॉर्ब? आपली सकाळ ‘झाइत्शो’ आणि आपला उद्या ‘वित्शे’. दोन्ही त्याच शब्दाची लेकरे आहेत, पण आपल्या तोंडात इतकी घासली गेली आहेत की बघणाऱ्याला नाते पटू नये. मी हे पहिल्यांदा आईला समजावले तेव्हा टेपरेकॉर्डर तिच्या पुढ्यात होता. ती म्हणाली, “तुझं बरं आहे बाबा. माझ्या तोंडातून शब्द काढायचे आणि डब्यात भरायचे, काकडीच्या लोणच्यासारखे. हिवाळ्यात उघडून खाणार आहेस का?” ते वाक्य टेपवर आहे. मागून तिचे हसणेही आहे.

शेजारच्या जर्मनांचेही तेच. त्यांच्यात सकाळ आणि उद्या एकच, वर जमिनीचे मापही तेच. एका सकाळीत बैलजोडी जेवढी नांगरेल तेवढी जमीन म्हणजे एक सकाळ. बाबांची जमीन अशा नऊ सकाळींची होती. खाणीचे लोक ती हेक्टरमध्ये मोजून गेले.

बाकी बातम्या. पाव्लिना काकू गेल्या आठवड्यात शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. चर्चची घंटा उतरवून नेली. विहीर फेब्रुवारीतच आटली, पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो. पोस्टातला फोन काढला आहे, म्हणून आईला फोनवर आणता येणार नाही. ओढ्याबद्दल तू विचारले नाहीस, म्हणून लिहीत नाही.

आम्हाला मे महिन्याच्या मध्यावर हलायचे आहे; त्यानंतर गाव कोळशाच्या खाणीत जाणार. सामानाची काळजी करू नकोस.

तुझा भाऊ,
म्येर्तिन

—

वोल्शिना, २९ एप्रिल १९८३

प्रिय वोरशा,

तुझे पत्र काल आले. खुशाली विचारण्याचे सोडून तू सरळ मुद्द्यावर आलीस, म्हणून मीही तसेच करतो. तू लिहितेस, “दादा, मी तुला आई कशी आहे असं विचारलं आणि तू मला शब्दकोश पाठवलास. कार्ड बघून ती काय म्हणाली ते लिही. एका ओळीत. तुला एका ओळीत लिहिता येतं का, तेही कळू दे.”

येते. आई ईस्टरच्या सकाळपासून एक शब्दही बोललेली नाही.

आता क्रमाने लिहिण्याची परवानगी दे.

चेक, पोल आणि तुझे स्लोव्हेन ईस्टरला ‘मोठी रात्र’ म्हणतात. बल्गार आणि युक्रेनी ‘मोठा दिवस’ म्हणतात. साऱ्या स्लाव जगात आपण मूठभर सॉर्ब तेवढे असे, की ज्यांनी त्या सणाला सकाळचेच नाव दिले : ‘यात्शी’. तोच जुना शब्द. मी या विषयावर तीन वेळा व्याख्यान दिले आहे, आणि त्याचा आपल्या घराशी काही संबंध असेल असे तिन्ही वेळा मला वाटले नव्हते.

यात्शीचे पाणी, ज्याने तोंड धुतले की वर्षभर आजार शिवत नाही, ते कसे आणायचे, हे तुला मी काय सांगणार. उजाडण्याआधी निघायचे, वाहत्या ओढ्यातून, प्रवाहाच्याच दिशेने घडा बुडवून भरायचा, आणि घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. तू चौदा वर्षांची असताना शेजारचा कीतो आपल्या टोळक्यासह पुलाखाली दबा धरून बसला होता. “वोरशे, तुझ्या परकरात उंदीर शिरला बघ,” असे तो ओरडला आणि तू किंचाळलीस. आईने तुझा घडा परसात ओतून दिला. “बडबडं पाणी,” ती म्हणाली. “आता यानं कोबी धू. तोंड धुशील तर मस येईल.” तू दिवसभर रडत होतीस.

गावात आता मुली उरलेल्या नाहीत. म्हणून गेली चार वर्षे आई स्वतःच जाते. यंदाही गेली. मी जागा झालो तेव्हा ती अंगणात उभी होती. हातात घडा होता आणि तो तिने उपडा धरला होता.

पंपांनी भूगर्भातले पाणी इतके खाली नेले आहे, की ओढ्याला आता ओढा म्हणता येत नाही. मार्चमध्ये थोडी ओल होती. ईस्टरला नुसती वाळू होती, आणि त्यात कुणाची तरी सायकल.

मी तिला सणाच्या शुभेच्छा दिल्या. ती बोलली नाही. रागावली असेल, असे मी समजलो. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही, तेव्हा शहरातून डॉक्टरांना आणले. तरुण आहेत, सभ्य आहेत. त्यांनी तिच्याकडून जीभ बाहेर काढून घेतली, हात वर करवले, दिव्याकडे बघायला लावले. बाहेर येऊन मला म्हणाले, “वाचा गेलेली नाही. पक्षाघात नाही. त्यांना सगळं समजतं.”

“मग बोलत का नाही?”

“हे तुम्हीच मला सांगायला हवं. तुम्ही भाषेतले तज्ज्ञ आहात ना?”

पाव्लिना काकूही येऊन गेल्या. खुर्ची ओढून आईच्या समोर बसल्या. “काय गं, फ्लॅट मला आधी मिळाला म्हणून अबोला धरलास? तिसरा मजला आहे, लिफ्ट बंद आहे. घे तो फ्लॅट, मला तुझी ही गळकी खोली दे.” आईने त्यांचा हात थोपटला. पाव्लिना काकू स्वयंपाकघरात येऊन माझ्या अंगावर खेकसल्या, “तुझ्या आईला गप्प बसता येत नाही रे, म्येर्तिना. सत्तर वर्षं ओळखते मी तिला. झोपेत बोलायची ती. तू इतका शिकलास, तुला एवढं दिसत नाही?”

काय दिसत नाही, ते त्यांनाही सांगता येईना.

मला ते दिसले गेल्या आठवड्यात. आई रोज पहाटे उठते. अंगावर शाल, डोक्याला रुमाल, हातात घडा. पुलापर्यंत जाते, खाली बघते, परत येते. मी तिच्या मागे गेलो होतो, तिला कळू न देता. परत आल्यावर ती घडा घरात आणत नाही. उंबऱ्याबाहेर, पायरीच्या उजव्या अंगाला ठेवते, आणि मग आत येते. त्या पायरीवर मी किती तरी दिवस घडा ओलांडत होतो आणि माझ्या मनात काहीही आले नव्हते.

वोरशा, तिला अबोला धरायचाच नाही. ती अजून वाटेवर आहे. पाणी आणायला निघाली आणि पाणी मिळाले नाही, म्हणजे काम संपलेले नाही. ते संपल्याखेरीज तोंड उघडायचे नाही, एवढेच ती पाळते आहे. नियमात पाणीच नसेल तर काय करायचे, हे कुणी कधी सांगितलेले नाही, कारण पाणी नसेल असे आजवर कुणाच्या मनातच आले नव्हते.

ती आता दूधभाकरीचे दोन-तीन घासच घेते. बटाटे आणि जवसाचे तेल समोर ठेवले, तर ताटली माझ्याकडे सरकवते. मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत जाते. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवे होते.

पण मी एक मार्ग काढला आहे, आणि तो मला पुष्कळ पक्का वाटतो. आपली यात्शी होऊन गेली, हे खरे. परंतु सर्ब, बल्गार आणि रशियन जुन्या पंचांगाने चालतात. त्यांचा ईस्टर यंदा आठ मे रोजी आहे. म्हणजे स्लाव जगाच्या निम्म्या भागात ती सकाळ अजून उगवायचीच आहे. मी आईला हे नकाशा पुढे ठेवून समजावले. “आई, त्यांची यात्शी अजून व्हायची आहे. ती सकाळसुद्धा तीच सकाळ आहे.” तिने नकाशाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. कितीतरी दिवसांनी तिने सरळ माझ्याकडे पाहिले. मग उठून तिने घडा पायरीवरच राखेने घासला.

पाण्याची व्यवस्था झेनोन करणार आहे. पंपाचे पाणी ज्या पाइपातून दूरच्या कालव्यात जाते, त्याला आपल्या जुन्या ओढ्याच्या काठी एक झडप आहे. ती उघडली की ओढा वाहील. माझे म्हणणे त्याने अगदी शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे म्हातारीचा घडा भरेपर्यंत पाणी सोडायचं.”

“हो.”

“आणि फोरमननं विचारलं तर?”

“पाइप धुतला म्हणून सांगा.”

“पाइप धुतला,” तो म्हणाला. “प्रोफेसर, शब्दांच्या नादानं तुम्ही खोटंही बोलायला लागलात की. शाबास.”

तू लगेच निघू का, असे विचारतेस. माझे ऐक. आता आलीस तरी ती तुझ्याशीही बोलणार नाही, आणि तू ते मनाला लावून घेशील. आठ तारीख होऊ दे. त्यानंतर ये. तोवर ती बोलती झालेली असेल आणि तुझ्या नेझाच्या तीन पायांच्या कोंबड्याची यथेच्छ चेष्टा करील.

तुझा,
म्येर्तिन

—

चोशेबुज, २२ मे १९८३

प्रिय वोरशा,

तुझी तार मिळाली. ‘आता कशाला येऊ.’ तारेत प्रश्नचिन्ह नसते, हे मला माहीत आहे. तरीही मी ते शोधले.

माझ्या तारेत चारच शब्द होते. जे त्यात बसले नाही ते इथे लिहितो. यानंतर तुला माझी पत्रे फाडून टाकायची असतील तर फाड, पण हे वाचून मग.

सात तारखेला संध्याकाळी मी झेनोनच्या खोलीवर गेलो. खोली म्हणजे लोखंडी पत्र्याची एक गाडी, तू ती पाहिलेली नाहीस. पंपांच्या रांगेपाशी उभी असते. त्याने काचेच्या पेल्यात चहा दिला, पावावर डुकराची चरबी आणि मीठ लावून दिले. मी त्याला सगळे नीट समजावून सांगितले. झडप एकदम उघडायची नाही, अर्धीच उघडायची, नाहीतर गाळ उसळेल. सूर्य उगवण्याआधी पाणी पुलाखालून वाहायला हवे. घडा प्रवाहाच्या दिशेनेच बुडवतात, उलटा नाही. मी कागदावर ओढ्याची आकृतीही काढून दिली. मग पहाटेच्या चांदणीवरून विषय निघाला आणि मी त्याला त्याच्याच भाषेतला तो जुना शब्द उलगडून दाखवला. तो थक्क झाला. “चाळीस वर्षं मी हा शब्द बोलतोय,” तो म्हणाला, “आणि आत कोण बसलंय ते मला माहीतच नाही.” मला किती आनंद झाला असेल, तू जाणतेस. असा श्रोता मला फार दिवसांत मिळाला नव्हता.

निघताना त्याने विचारले, “तुमच्यात सकाळी भेटल्यावर काय म्हणतात?”

मी त्याला शिकवले. त्याचा ‘झ’ फार कडक येत होता. मी तो तीनदा म्हणवून घेतला. तिसऱ्यांदा अगदी आपल्या गावच्यासारखा आला.

पहाटे आई पुढे आणि मी बरेच मागे, असे निघालो. तिने सणाचा काळा घागरा आणि पांढरा कडक रुमाल घातला होता. तो रुमाल बांधायला पूर्वी तिला तू लागायचीस. त्या दिवशी तिने तो एकटीने, आरशाशिवाय बांधला होता. पुलाजवळ आल्यावर ती थांबली. ओढा वाहत होता. आधी पालापाचोळा आला, मग डबे आले, मग तांबूस पाणी, आणि हळूहळू निवळत गेले. अगदी स्वच्छ नव्हते. पण पाण्याचा आवाज येत होता, आणि त्या गावात कितीतरी महिन्यांत तो आवाज झालेला नव्हता.

ती गुडघ्यांवर बसली. मी मदतीला पुढे गेलो नाही, कारण तसे चालत नाही. तिने घडा प्रवाहाच्या दिशेने बुडवला, भरला, रुमालाच्या टोकाने त्याचा काठ पुसला आणि उठली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती. ती पाठ सरळ होती, वोरशा. घराकडे वळताना ती कशी चालत होती, ते मी तुला कोणत्याही भाषेत सांगू शकणार नाही.

झेनोन वाटेच्या कडेला उभा होता. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, टोपी हातात धरली होती. आपण एक चांगले काम केले म्हणून त्याचा चेहरा फुलून आला होता. आई त्याच्याजवळ पोचली तेव्हा त्याने मान लववली आणि आपल्या भाषेत, निर्दोष उच्चारात म्हटले, “दोब्रे झाइत्शो, आई.”

मी त्याला झडपेचा कोन सांगितला होता. शब्दाची व्युत्पत्ती सांगितली होती. तिच्याशी बोलायचे नाही, एवढे मात्र सांगितले नव्हते. ज्याला हे सांगावे लागेल असा माणूस मला आयुष्यात कधी भेटलाच नव्हता. आपल्या गावात तान्ह्या मुलालाही ते ठाऊक असायचे.

ती थांबली. पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्या ओसाड गल्लीत, दारे-खिडक्या काढून नेलेल्या घरांमधून, आपल्या बोलीत तिला कुणी सकाळ म्हटली होती. मग ती म्हणाली, “दोब्रे झाइत्शो, बाळा.”

आवाज जरा बसका होता. पण तिचाच होता.

त्यानंतर तिने घड्याकडे पाहिले. तो कुंपणाच्या खांबापाशी नीट टेकवून ठेवला, पाणी सांडू न देता, आणि रिकाम्या हातांनी घरी गेली.

मी धावत जाऊन तिला गाठले. “आई, तू बोललीस. आता बोल ना. पाणी राहू दे. मला दोन शिव्या दे, पण बोल.” ती चुलीपाशी बसली होती. तिने माझ्या कोटावर चिकटलेले एक पान काढले आणि चुलीत टाकले. एवढेच. जे आणायला निघाली होती ते पाणी तिच्या हातून वाया गेले होते, आणि ते पुन्हा मिळवायला पुढची यात्शी येईपर्यंत गावही राहणार नव्हते.

दुपारी झेनोन आला. आईला भेटायला आलेल्या पाव्लिना काकूंकडून त्याला तो नियम कळला होता. तो दारातच उभा राहिला. “मला कुणी सांगितलं का? तुम्ही मला झडप किती अंश फिरवायची तेसुद्धा सांगितलंत, प्रोफेसर. हे नाही सांगितलंत?” त्याने टोपी चुरगळली. “मी तर तुम्हाला खूश करायला शिकलो होतो ते,” तो म्हणाला.

पाव्लिना काकूंचे म्हणणे वेगळे आहे. त्या म्हणतात, “नमस्कार करणाऱ्या माणसाला उत्तर न देता पुढे जाईल, अशी ती नव्हतीच. पाणी गेलं खड्ड्यात. ती तिच्या स्वभावाप्रमाणे वागली.” मला असा काही निष्कर्ष काढता येत नाही. आयुष्यभर निष्कर्षच काढत आलो. या वेळी येत नाही.

बारा तारखेला आम्हाला इथे शहरात, फ्लॅटमध्ये आणले. दुसरा मजला आहे. नळाला पाणी भरपूर आहे. आईने ते प्यायले नाही असे नाही, मी दिले की घोटभर घ्यायची. पण उठणे थांबले. पहाटे जाग आली तर ती डोळे उघडून छताकडे पाहत असायची. निघायला कुठे काही उरले नव्हते. तू वीस तारखेच्या गाडीने निघतेस, हे तुझे पत्र मी तिला वाचून दाखवले. ‘दादा म्हणाला आठनंतर ये, म्हणून थांबले होते,’ हे वाक्यही वाचले, कारण मधले वाक्य गाळून वाचण्याची मला सवय नाही. तिने ते ऐकले. सोळा तारखेला, दुपारी, मी औषध आणायला गेलो असताना ती गेली.

शहराच्या स्मशानभूमीत तिला पुरले. आपल्या गावची स्मशानभूमी मार्चमध्येच उकरून झाली होती. बाबांना तिथून नेऊन जिथे पुन्हा पुरले, तिथे शेजारी जागा मिळाली नाही. पाद्री जर्मनमध्ये बोलले. आम्ही सहा जण होतो. झेनोन फाटकाबाहेर उभा राहिला, आत ये म्हटले तरी आला नाही. परवा खाणीचे खोदायचे यंत्र आपल्या घरावरून गेले, असे त्याच्याकडून कळले. तो आता ‘दो युत्रा’ म्हणत नाही. नुसती टोपी हलवतो.

मी तुला थांबवले. त्याचे स्पष्टीकरण माझ्याकडे आहे, सविस्तर आहे, आणि ते मी लिहिणार नाही.

फक्त एक गोष्ट उरते, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण मी असाच आहे. सगळ्या स्लाव लोकांनी, आणि शेजारच्या जर्मनांनीही, सकाळवरूनच उद्याला नाव का दिले, याचे कारण कोणत्याही ग्रंथात शोधण्याची गरज नाही. ते कुणालाही, कोणत्याही भाषेत, आपल्याच अंथरुणावर पडल्या पडल्या तपासून पाहता येते. दिवा मालवायचा, डोळे मिटायचे, आणि मनाशी एकदाच म्हणायचे, ‘उद्या’. मग काही न ठरवता वाट पाहायची. जे पहिले चित्र येईल ते दुपारचे नसते, संध्याकाळचेही नसते. चहाची किटली येते, मुलाचा एक बूट, खिडकीच्या काचेवरचा ओलावा, कुणाला तरी मारायची हाक. सबंध दिवसातून माणसाला आधी सकाळच दिसते, म्हणून त्याने दिवसाला तिचे नाव दिले.

मी सोळा तारखेपासून हे रोज करून पाहतो आहे. दिवा मालवतो, शब्द उच्चारतो, थांबतो. पद्धतीत काही चूक नाही. चित्र येत नाही.

आज तू करून पाहा. माझ्यावर राग असेल तरी करून पाहा, परीक्षेला त्याने बाध येत नाही. आणि काही दिसले, कितीही लहान असले, तर मला कळव. बाकी काही लिहू नकोस. काय दिसले, तेवढेच.

तुझा भाऊ, ज्याने तुला आठ तारखेनंतर ये म्हटले,
म्येर्तिन